‘ठुमरी’चे पंधरा बाइट

गेल्या महिन्यात एका नातेवाइकांनी माझ्या हाती एक पेनड्राइव्ह दिला. त्यांच्या वडिलांच्या कॅसेटवरून करून घेतलेली ध्वनिमुद्रणे त्यात एमपी३ स्वरूपात होती. ‘फायली करप्ट झाल्या आहेत, व्हायरस असावा, उपयोग नसेल तर पुसून टाक,’ असे त्यांनी सांगितले. प्रत्यक्षात प्रत्येक ध्वनिमुद्रण अखेरपर्यंत व्यवस्थित वाजत होते; बिघडली होती ती फक्त पडद्यावर दिसणारी नावे. जिथे ‘ठुमरी’ असा शब्द हवा तिथे डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन ‘ए’, त्यामागे चार कोपऱ्यांना काड्या फुटलेले छोटे वर्तुळ, मग पुन्हा तोच ‘ए’ आणि जपानी येनची खूण, अशी रांग लागलेली होती. मराठी गाण्यांचा संग्रह बाळगणाऱ्या बहुतेकांनी हे दृश्य पाहिले आहे आणि त्यातल्या अनेकांनी अशा फायली पुसूनही टाकल्या आहेत. तसे करण्याची गरज सहसा नसते.

आवाज स्वतःचे नाव सांगत नाही, ही अडचण ध्वनिमुद्रणाइतकीच जुनी आहे. १९०२ साली कोलकात्यात गायिका गौहर जान यांचे गाणे मुद्रित झाले, तेव्हा गाण्याच्या शेवटी त्यांनी स्वतःचे नाव इंग्रजीत उच्चारले, कारण तबकडी जर्मनीत हॅनोव्हरला तयार व्हायची होती आणि तिथल्या कारागिरांना लेबलावर कोणाचे नाव घालायचे ते कळायला हवे होते. एमपी३चे मानक तयार झाले तेव्हाही गाण्याच्या वा गायकाच्या नावासाठी त्यात जागा ठेवलेली नव्हती. १९९६ मध्ये एरिक केम्प या प्रोग्रॅमरने जवळपास गौहर जान यांचाच मार्ग धरला आणि फाइलीच्या अगदी शेवटी १२८ बाइटांची एक पट्टी जोडली (बाइट म्हणजे ० ते २५५ यांच्यामधला एक आकडा साठवणारे घर). हाच आयडी३ टॅग. त्यात शीर्षक, कलाकार आणि अल्बम यांना प्रत्येकी ३० बाइट मिळतात. रोमन लिपीत ही जागा बहुधा पुरते. ‘भीमसेन जोशी’ हे नाव मात्र अक्षरे बाइटांत मांडण्याच्या यूटीएफ-८ पद्धतीने लिहिल्यास ३१ बाइटांचे होते, म्हणजे शेवटच्या वेलांटीचा एक बाइट बाहेर राहतो आणि उरलेल्या दोन बाइटांना काहीच अर्थ राहत नाही.

१९९८ मध्ये आलेल्या दुसऱ्या आवृत्तीने ही कोंडी फोडली. तिचा टॅग फाइलीच्या सुरुवातीला असतो, त्यात हव्या तितक्या लांबीचे स्वतंत्र कप्पे करता येतात आणि मजकुराच्या प्रत्येक कप्प्यातला पहिला बाइट पुढचा मजकूर कोणत्या एन्कोडिंगमध्ये, म्हणजे अक्षरे आणि आकडे यांची जोडी लावणाऱ्या कोणत्या तक्त्यानुसार आहे हे सांगतो. हा बाइट ० असेल तर पश्चिम युरोपीय भाषांसाठीचे लॅटिन-१, १ असेल तर यूटीएफ-१६ आणि २००० सालच्या २.४ आवृत्तीपासून ३ असेल तर यूटीएफ-८. आमच्या पेनड्राइव्हवरचा सगळा घोटाळा या एका बाइटाचा होता: आत यूटीएफ-८ मधली देवनागरी होती आणि बाहेर ० लिहिलेले होते.

आता ‘ठुमरी’ उघडून पाहू, कारण इथली रचना मला फार सुंदर वाटते. जगातल्या लिप्यांच्या चिन्हांना क्रमांक देणाऱ्या युनिकोडने देवनागरीला सलग १२८ क्रमांकांचा पट्टा दिला आहे. यूटीएफ-८ मध्ये त्यातले प्रत्येक चिन्ह तीन बाइटांत लिहिले जाते. पहिला बाइट नेहमी २२४ असतो. दुसरा पट्ट्याच्या पूर्वार्धासाठी १६४ आणि उत्तरार्धासाठी १६५. तिसरा १२८ ते १९१ यांच्यामधला असतो आणि त्या अर्ध्यातले नेमके चिन्ह सांगतो. मराठीची सर्व व्यंजने, काना आणि पहिली वेलांटी पूर्वार्धात येतात. दुसरी वेलांटी, उकार, मात्रा आणि हलन्त उत्तरार्धात. लॅटिन-१ च्या तक्त्यात २२४ म्हणजे तो तिरक्या रेघेचा ‘ए’, १६४ म्हणजे काड्यांचे वर्तुळ आणि १६५ म्हणजे येन. त्यामुळे त्या विचित्र रांगेत ‘ए’च्या लगेच पुढे येन दिसला की तिथे बहुधा दुसरी वेलांटी, उकार, मात्रा किंवा हलन्त आहे असे समजावे. ‘म’चा तिसरा बाइट १७४, म्हणून तिथे नोंदणीकृत व्यापारचिन्हाची खूण दिसते, ‘र’चा १७६, म्हणून तापमानाच्या अंशाचे चिन्ह दिसते. पाच चिन्हांचे पंधरा बाइट जागच्या जागी आहेत, फक्त ते भलत्या तक्त्यावरून वाचले जात आहेत. एमपी३टॅगसारख्या टॅग दुरुस्त करणाऱ्या साधनात एन्कोडिंग बदलून घेतले की नाव परत येते.

धोका आहे तो पुढच्या पायरीवर. एखादा प्लेअर ही चुकीची नावे वाचतो आणि आपल्या परीने ‘सुधारून’ पुन्हा साठवतो. बरेच प्रोग्रॅम लॅटिन-१ च्या जागी विंडोज-१२५२ हा तक्ता वापरतात आणि त्या तक्त्यात १२९, १४१, १४३, १४४ आणि १५७ या पाच घरांत काहीच नाही. पहिल्या उकाराचा तिसरा बाइट १२९ आहे, हलन्ताचा १४१, ‘ए’चा १४३, ‘ऐ’चा १४४ आणि ‘झ’चा १५७. ‘ठ’चा तिसरा बाइट १६०, म्हणजे न तुटणारी मोकळी जागा, साफसफाई करणारा प्रोग्रॅम तिचे साध्या मोकळ्या जागेत रूपांतर करतो किंवा ती छाटून टाकतो. म्हणजे ‘ठुमरी’तली पहिली दोन्ही चिन्हे, ‘ठ’ आणि त्याचा उकार, नष्ट होऊ शकतात. याहून वाईट अवस्था म्हणजे ओळीने प्रश्नचिन्हे. तिथे वेगवेगळ्या अक्षरांच्या जागी ६३ हा एकच आकडा लिहिला गेलेला असतो आणि त्यावरून मूळ अक्षर कोणत्याही उपायाने काढता येत नाही. म्हणून आधी सगळ्या संग्रहाची प्रत काढून ठेवावी आणि टॅग दुरुस्त होईपर्यंत कोणत्याही प्लेअरला त्यात लिहू देऊ नये.

त्याच पेनड्राइव्हवर कोणीतरी काही भजनांच्या शीर्षकात ‘४३२ हर्ट्झ, रोगनाशक’ असे घातलेले होते. टॅगमध्ये काहीही लिहिले तरी ध्वनीच्या भागातला एकही बाइट बदलत नाही आणि अमुक कंपनसंख्येने रोग बरे होतात या दाव्याला कसलाही आधार नाही. हे मी पुसले. भजनांचा प्रकार ‘ब्लूज’ असा दिसत होता तोही काढला. पहिल्या आवृत्तीच्या प्रकारांच्या यादीत ० म्हणजे ब्लूज, आणि काहीच न निवडता शून्य राहून गेले की अभंगही ब्लूज ठरतो. रागासाठी आयडी३ मध्ये वेगळा कप्पा नाही, पण स्वतः नाव देता येणारा कप्पा आहे. त्यात ‘राग’ आणि ‘ताल’ असे दोन कप्पे करून घेतले.

नऊ फायलींत मात्र प्रश्नचिन्हेच उरली होती. ध्वनीच्या ठशावरून गाणे ओळखणाऱ्या सेवेला त्यांतली एकही ओळखता आली नाही, कारण ती सेवा आधीच नोंदवलेले नेमके ध्वनिमुद्रणच ओळखते आणि ही तर घरी रेडिओवरून टेप केलेली होती. त्या नऊ मी शांतपणे ऐकल्या. सहा फायलींच्या शेवटी, टाळ्या विरत असताना, निवेदिकेने गायिकेचे, रागाचे आणि साथीदारांचे नाव स्वच्छ उच्चारलेले होते. ते ऐकून मी टॅगमध्ये उतरवून घेतले.