व्हॉल्व्हचा गिटार अँप्लिफायर : नव्या यंत्राची ओळख (ग्रामीण विदर्भ)

इलेक्ट्रिक गिटारच्या पिकअपमधून (तारांचे कंपन टिपणाऱ्या चुंबकी भागातून) निघणारा क्षीण विद्युत संकेत निर्वात नलिकांच्या, म्हणजे व्हॉल्व्हच्या, साहाय्याने वाढवून स्पीकरपर्यंत पोचवणारे यंत्र. उंची किमतीचा असा अँप्लिफायर घरी आल्यावर त्याचा स्वभाव, त्याच्या गरजा आणि त्याची दुखणी कळायला काही आठवडे जातात. विदर्भाच्या खेड्यात ही ओळख बोर्डाच्या सॉकेटपासून होते, आवाजाचा नंबर नंतर लागतो. नवे मालक मात्र खोके उघडले की थेट बटणांना हात घालतात.

फ्लेमिंगने १९०४ मध्ये दोन विद्युतअग्रांची नलिका केली आणि १९०६ मध्ये ली डी फॉरेस्टने तिच्यात तिसरे अग्र घातले. तिथून संकेत वाढवण्याची वाट उघडली. लिओ फेंडरने १९४६ मध्ये कॅलिफोर्नियात आपली कंपनी काढली. तिच्या ‘बासमन’ या अँप्लिफायरचा आराखडा समोर ठेवून लंडनमध्ये जिम मार्शलच्या दुकानात १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला ‘जेटीएम४५’ तयार झाला. आजचे बरेचसे महागडे, हाताने तारा जोडलेले अँप्लिफायर याच दोन घराण्यांतले किंवा ‘व्हॉक्स एसी३०’च्या वळणाचे असतात. ट्रान्झिस्टर आल्यावर रेडिओतून व्हॉल्व्ह गेला, पण गिटारवाल्यांनी तो सोडला नाही. झेपेल त्यापेक्षा जास्त संकेत आला की व्हॉल्व्ह त्याचे शेंडे एकदम छाटत नाही, हळूहळू दाबतो. कानाला ती भर वाटते, बिघाड वाटत नाही. आपल्याकडेही बंगळूरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्समध्ये व्हॉल्व्ह बनत असत. बटण फिरवून रेडिओ तापायची वाट बघणारी पिढी विदर्भातल्या गावांत अजून आहे, आणि या यंत्राचे वागणे तरुण वादकापेक्षा त्या आजोबांना लवकर समजते.

लाइन

व्हॉल्व्हच्या आतल्या हीटरला सहसा ६.३ व्होल्ट लागतात. त्यात साधारण दहा टक्के कमीजास्त चालते. हा दाब आतल्या ट्रान्सफॉर्मरमधून थेट, घरच्या लाइनच्या प्रमाणात येतो. म्हणून २३० ऐवजी १८० व्होल्ट आले तर हीटरला जेमतेम ४.९ मिळतात, आणि २६० झाले तर ७.१. पहिल्या स्थितीत आवाज मलूल होतो आणि नलिकेचा कॅथोड, म्हणजे इलेक्ट्रॉन सोडणारा भाग, नीट तापत नाही. दुसरीत नलिकेचे आयुष्य घटते आणि आतला ४५० व्होल्टचा उच्च दाब ५०० च्या पुढे सरकतो.

गावातली लाइन दिवसभर एकसारखी नसते. रब्बीत हरभऱ्या-गव्हाच्या पाण्यासाठी मोटारी चालू असल्या आणि गावठाणाची डीपी त्याच ओढीत असली की दाब खाली बसतो. मोटारी बंद झाल्या की तोच दाब वर उसळतो. त्यामुळे खोके फोडण्याआधी एक स्वस्त मल्टीमीटर घेऊन सकाळ, दुपार, संध्याकाळी सातच्या सुमारास आणि रात्री अकरानंतर सॉकेटचा दाब मोजून भिंतीवर लिहून ठेवावा. चार-आठ दिवसांत घराचा अंदाज येतो. फ्रिजसोबत येणारा रिले स्टॅबिलायझर टप्प्याटप्प्याने दाब बदलतो आणि प्रत्येक टप्प्याला स्पीकरमधून ‘टक’ ऐकू येते. दाब सलग सावरणारा सर्वो स्टॅबिलायझर महाग पडतो, पण लाखाच्या यंत्रापुढे त्याची किंमत काढण्यात अर्थ नाही. पन्नास वॅटच्या अँप्लिफायरला एक केव्हीएचा पुरून उरतो.

खरी भीती मात्र न्यूट्रलची. डीपीपासून येणारी न्यूट्रलची तार तुटली की एका घरातला दाब शंभराच्या खाली जातो आणि दुसऱ्या घरात तीनशेच्या वर चढतो. गावातले टीव्ही एका रात्रीत जळतात ते बहुधा यानेच. इथे स्टॅबिलायझर पुरत नाही. जास्त आणि कमी दाबाला लाइन तोडणारे संरक्षक उपकरण मीटरजवळ बसवून घ्यावे. वळवाच्या दिवसांत ढग गडगडू लागले की बटण बंद करून भागत नाही, पिन सॉकेटातून काढावी लागते.

परदेशातून आणलेल्या यंत्राच्या पाठीमागे दाब निवडण्याची खूण आधी बघावी. केवळ १२० व्होल्ट, ६० हर्ट्‌झसाठी बनवलेला अँप्लिफायर स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मरवर चालतो, पण स्टेपडाउन दाब उतरवतो, वारंवारता ५० हर्ट्‌झच राहते आणि आतले लोखंड जास्त तापते. फ्यूजही दाबानुसार वेगळ्या क्षमतेचा असतो. तो उडाला म्हणून किटकॅटसारखी त्याला तार बांधणे म्हणजे ट्रान्सफॉर्मरची होळी करणे. लाइन गेल्यावर इन्व्हर्टरवर वाजवायचे असेल तर तो साइनवेव्ह जातीचा हवा. चौकोनी लहरीच्या इन्व्हर्टरवर अँप्लिफायर भुंग्यासारखा गुणगुणतो.

अर्थिंग

“अर्थिंग नसली तरी चालते जी” हे वायरमनचे वाक्य पंख्यापुरते खपून जाते. गिटारच्या तारा जॅकमधून थेट अँप्लिफायरच्या लोखंडी पेटीला, म्हणजे अर्थला, जोडलेल्या असतात. वादकाचे बोट सतत त्या तारांवर असते. पेटीत गळती झाली आणि तिसऱ्या पिनेला जमीन मिळाली नाही, तर ती जमीन वादकाच्या पायातून शोधली जाते. कार्यक्रमात धोका दुप्पट होतो, कारण माइक बिछायत केंद्राच्या साउंडवर आणि गिटार आपल्या सॉकेटवर. दोन्हींच्या अर्थमध्ये फरक असला की ओठ माइकला लागताच झटका बसतो. दोन्ही यंत्रे एकाच बोर्डावरून घेतली की हा प्रश्न बराचसा मिटतो.

कोळसा-मीठ घालून केलेला खड्डा उन्हाळ्यात कोरडा पडतो. काळी माती सुकून भेगाळली की नळी मातीपासून सुटते. एप्रिल-मेमध्ये खड्ड्यात अधूनमधून बादलीभर पाणी टाकावे लागते, आणि हे काम घरात कोणाचे ते आधी ठरलेले बरे.

घरघर ऐकू आली तर तिचा सूर ओळखायला शिकावे. विजेची मूळ वारंवारता ५० हर्ट्‌झ, आणि एसीचा डीसी करणाऱ्या आतल्या रेक्टिफायरमधून उरलेली लहर १०० हर्ट्‌झ. सहाव्या तारेवर तिसऱ्या फ्रेटला जो सूर लागतो तो ९८ हर्ट्‌झचा, म्हणजे शंभराच्या अगदी शेजारचा. तो वाजवून बघावा. घरघर त्याच्याशी जवळजवळ जुळली तर संशय ती लहर गाळणाऱ्या आतल्या फिल्टर कपॅसिटरवर जातो. एक सप्तक खाली असेल तर अर्थ, केबल किंवा हीटरच्या तारा बघाव्यात. गिटारचा व्हॉल्यूम शून्यावर आणल्यावर ती गेली, तर अँप्लिफायर निर्दोष आहे आणि कुलरची मोटार किंवा ट्यूबलाइटची चोक पिकअपमध्ये बोलते आहे. तोंड फिरवून बसले तरी फरक पडतो.

पहिल्यांदा चालू करताना

एसटीच्या डिकीतून किंवा मालवाहू टेम्पोतून आलेले यंत्र खड्ड्यांचे धक्के खाऊन आलेले असते. पाठीमागची जाळी काढून व्हॉल्व्ह आपल्या खोबणीत पूर्ण बसलेत का आणि ट्रान्सफॉर्मरचे बोल्ट ढिले झालेत का हे बघावे. स्पीकरची केबल आधी जोडावी. स्पीकरशिवाय व्हॉल्व्हचा अँप्लिफायर वाजवला तर नलिका आणि स्पीकर यांच्या मधला आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो. ट्रान्झिस्टरच्या यंत्रांवर हात बसलेल्या साउंडवाल्यांना हे पटत नाही, म्हणून ठासून सांगावे लागते. ओहमची जुळणीही पाहावी : आठ ओहमचा स्पीकर आठच्याच जॅकमध्ये. गिटारची पडदेवाली (शील्डेड) केबल स्पीकरला लावू नये, आतली तार त्या प्रवाहासाठी फार बारीक असते.

पॉवरचे बटण दाबून स्टँडबाय, म्हणजे आतला उच्च दाब रोखून धरणारे बटण, बंदच ठेवावे आणि मिनिटभर थांबून मग उघडावे. नारिंगी उजेड हीटरचा. मोठ्या नलिकेच्या काचेच्या आतल्या बाजूला फिकट निळी झाक दिसली तर घाबरू नये, तो काचेवर आपटणाऱ्या इलेक्ट्रॉनांचा प्रकाश असतो. वरच्या किंवा बाजूच्या चंदेरी लेपाचा रंग दुधी पांढरा झाला असेल तर आत हवा शिरली आहे, ती नलिका गेली. आतला राखाडी पत्रा लाल होऊ लागला की क्षणाचाही विचार न करता बंद करावे. पत्रा लाल होणे म्हणजे बायस (नलिकेतला प्रवाह आवरणारा ठरावीक दाब) बिघडला किंवा नलिका बदलायला आली. तासन्‌तास स्टँडबायवर ठेवणेही नलिकांना मानवत नाही. जेवायला जायचे असेल तर सरळ बंद करावे.

आवाज

नव्या यंत्राची सगळी बटणे मध्यावर ठेवून ‘हा याचा मूळ आवाज’ असे धरणे चूक आहे. फेंडर-मार्शल पद्धतीच्या टोन-मांडणीत बास, मिडल, ट्रेबल एकमेकांत गुंतलेले असतात आणि तिन्ही मध्यावर असताना मधले सूर बरेच कापलेले असतात. आधी मिडल पूर्ण उघडून बास-ट्रेबल खाली ठेवावेत, मग एकेक वर आणून काय बदलते ते ऐकावे. प्रेझेन्स या बटणाची जागा वेगळी. ते आउटपुटकडून मागे वळवलेल्या संकेतावर काम करते, म्हणून आवाज वाढवल्यावरच त्याचा खरा परिणाम कळतो.

व्हॉल्यूम तिसऱ्या आकड्यावर असताना उंची अँप्लिफायर अनेकांना फिका वाटतो आणि पैसे वाया गेल्याची शंका येते. पॉवरचे, म्हणजे स्पीकरला जोर देणारे मोठे, व्हॉल्व्ह त्या पातळीला अजून कामाला लागलेले नसतात. अँप्लिफायरचा व्हॉल्यूम पाच-सहावर नेऊन गिटारचा निम्म्यावर आणावा आणि उजव्या हाताच्या जोरावर वाजवून बघावे. हलक्या बोटाला स्वच्छ, जोरात मारल्यावर खरखरीत, आणि मधल्या सगळ्या छटा फक्त हाताने : पैसे याचेच मोजलेले असतात. व्हॉल्व्हचाच रेक्टिफायर असलेल्या यंत्रात जोराचा फटका बसला की आतला दाब क्षणभर लवतो आणि परत सावरतो. त्याला सॅग म्हणतात. (बाहेरच्या लाइनचा सॅग त्यात मिसळला तर दोन्हींतला फरक ओळखायला बराच सराव लागतो.)

वॅटच्या आकड्याला भुलू नये. शंभर वॅटचा अँप्लिफायर पन्नासच्या दुप्पट मोठा ऐकू येत नाही, फरक फक्त तीन डेसिबलचा. कानाला दुप्पट वाटायला सुमारे दहापट वॅट लागतात. खेड्यात रात्री नऊला सारे सामसूम असते आणि पंधरा वॅटसुद्धा वेशीपर्यंत जातात, म्हणून घरापुरते वाजवणाऱ्याने अँप्लिफायर आणि स्पीकर यांच्या मधे बसून आवाज उतरवणारा अटेन्युएटर घ्यावा. नव्या स्पीकरचा कागदी शंकू पहिले काही तास ताठर असतो. वाजत गेला की वरचा करकरीतपणा उतरतो. तोपर्यंत व्हॉल्व्ह बदलण्याची घाई करू नये.

घर आणि ऋतू

कवेलूच्या घरात आवाज पसरतो आणि विरतो, टिनाच्या छताखाली मात्र खालच्या सुरांना पत्रा सोबत वाजतो. सिमेंटच्या स्लॅबखाली उंच सूर टोचतात. दसरा-दिवाळीपासून यवतमाळ, वर्धा, अमरावती भागात भावाची वाट बघत घरात कापसाचे ढीग लागतात, आणि तशा खोलीत गिटार जी भरीव वाजते तशी दुसरीकडे नाही, कारण कापूस प्रतिध्वनी गिळतो. पण पॉवरच्या व्हॉल्व्हची काच २०० अंशांच्या आसपास तापते, आणि उघड्या पाठीच्या पेटीत उडता तंतू शिरायला वेळ लागत नाही. कापूस विकला जाईपर्यंत यंत्राला दुसरी खोली द्यावी.

चंद्रपूर-ब्रह्मपुरीकडचे ४५ अंशांवरचे ऊन व्हॉल्व्हला जाणवत नाही, कपॅसिटरला जाणवते. दर दहा अंश वाढीला त्याचे आयुष्य साधारण निम्मे होते. कुलर समोर ठेवला तर ओलसर हवा शंकूला आणि लोखंडाला लागते. तो बाजूला असावा. पावसाळ्यात उजेडाला किडे येतात आणि किड्यांमागे पाल येते. पाइनच्या पेटीला वाळवी लागते, म्हणून ती विटांवर किंवा लोखंडी स्टँडवर ठेवतात.

कार्यक्रमांत असे यंत्र क्वचित दिसते. वडसा (देसाईगंज) येथील मंडळ्यांची झाडीपट्टी नाटके दिवाळीनंतर रात्रभर चालतात आणि संगीत प्रत्यक्ष वाजवले जाते, पण सारी वाद्ये थेट मिक्सरला जातात. तिथे नेलेच, तर स्पीकरच्या मध्यापासून थोडा बाजूला, जाळीच्या अगदी जवळ एक साधा डायनॅमिक माइक लावला की पुरते. निघताना व्हॉल्व्ह थंड झाल्याशिवाय पेटी उचलू नये.

दुरुस्ती

लहान व्हॉल्व्हमध्ये टणत्कार येत असेल तर पेन्सिलीने एकेकाला हलके टिचकी मारून दोषी शोधता येतो. इनपुटच्या जवळचा आधी तपासावा आणि त्या जागी शांत नलिका लावावी. यापुढचे काम मालकाचे नाही. बंद करून पिन काढल्यावरही फिल्टर कपॅसिटरमध्ये जीव घेण्याइतका दाब उरलेला असू शकतो. डीजेचे यंत्र दुरुस्त करणारा हुशार असला तरी व्हॉल्व्हचा बायस त्याने लावलेला असेलच असे नाही. जुने रेडिओ हाताळलेला कारागीर तालुक्याला मिळाला तर उत्तम, नाहीतर नागपूरला सीताबर्डीवर चौकशी करावी. सर्किटची आकृती कंपनीकडून मागवून पेटीच्या आतच चिकटवून ठेवावी, आणि पॉवरच्या व्हॉल्व्हची एक जुळवलेली जोडी व योग्य क्षमतेचे चार फ्यूज कपाटात असावेत.