ड्राय वेट (डायलिसिस)

डायलिसिस संपल्यावर पेशंटचं जे वजन असायला हवं ते ड्राय वेट, म्हणजे अंगात साठलेलं जास्तीचं पाणी निघालंय पण बीपी पडलेलं नाही, पायात गोळे आलेले नाहीत असं वजन. युनिटमध्ये नुसतं 'ड्राय' म्हणतात.

कल्पना मुळात कोणाची यावर एकमत नाही. बरेच जण १९६७ च्या एका अमेरिकन पेपरकडे बोट दाखवतात, त्यातली व्याख्या साधारण अशी की पाणी काढता काढता बीपी पडायला लागलं आणि त्याला दुसरं काही कारण नसलं की ते ड्राय. पण त्याच्या आधी, मार्च १९६० मध्ये सिएटलला बेल्डिंग स्क्रिबनर यांनी क्लाइड शील्ड्स या पेशंटच्या हातात टेफ्लॉनचा शंट (रक्त मशीनकडे नेण्या-आणण्यासाठी कायमची बसवलेली नळी) बसवून कायमचं डायलिसिस सुरू केलं तेव्हा त्याचं बेफाम बीपी पाणी काढून आणि मीठ तोडूनच आटोक्यात आणलं होतं, त्यामुळे नाव नंतर पडलं तरी सुरुवात तिथलीच धरणं जास्त पटतं. (शील्ड्स पुढे ११ वर्षं जगला.) फ्रान्समध्ये तासाँ या गावच्या डायलिसिस सेंटरने हेच ८-८ तासांच्या सावकाश डायलिसिसने केलं आणि तिथल्या बहुतेक पेशंटच्या बीपीच्या गोळ्या सुटल्या.

१९६७ च्या व्याख्येत एक गोची आहे. बीपी घाईत पाणी ओढल्यानेही पडतं, हार्ट कमजोर असलं, सकाळी बीपीची गोळी घेतलेली असली किंवा मशीनवर असताना पोटभर नाश्ता केला तरी पडतं, म्हणून ड्रायचा आकडा शेवटी अंदाजच. पाणी काढायचा वेग तासाला किलोमागे १३ मिलिच्या वर गेला की हृदयाचा धोका वाढलेला दिसतो, म्हणजे ६० किलोच्या माणसाचं ४ तासांत जेमतेम ३ लिटर. आपल्याकडे खर्चापायी अनेक जण आठवड्यातून दोनदाच करतात, तिथे हे गणित बसवणं अवघडच.

घरी याचा अर्थ पाणी मोजणं. चहा, ताक, आमटी, कलिंगड सगळं पाण्यातच धरायचं, पण खरा चोर मीठ, ८-९ ग्रॅम मीठ साधारण लिटरभर पाणी धरून ठेवतं, त्यामुळे लोणचं-पापड चालू ठेवून तहान मारायला जाणं म्हणजे फुकटचा छळ. काट्यावर चढताना खिशातला मोबाइल, चप्पल, हिवाळ्यात स्वेटर काढायचं विसरलं तर तेवढं वजन पाणी समजून ओढलं जातं आणि शेवटच्या तासात पोटऱ्यांत गोळे.

बायोइम्पीडन्स (अंगातून अगदी सौम्य करंट सोडून पाण्याचा अंदाज घेणं), छातीची सोनोग्राफी अशा तपासण्या आहेत, पण बऱ्याच ठिकाणी पायाची सूज, बीपी आणि रात्री दम न लागता आडवं झोपता येतं का एवढ्यावरच भागतं. आकडा कायमचा नसतो. भूक सुधारून अंग भरलं की ड्राय वाढवावं लागतं. उलट मोठ्या आजारात मांस झडलं आणि आकडा तोच ठेवला, तर झडलेल्या मांसाची जागा पाणी घेतं आणि काट्यावर ते कळतच नाही, म्हणून हॉस्पिटलातून घरी आल्यावर ड्राय नव्याने बघून घ्यायला सांगतात.