‘रद्द करा’ दाबल्यावर आत काय होतं?

मोठी फाइल उघडताना कंटाळून आपण ‘रद्द करा’ दाबतो आणि समोरची खिडकी झटकन नाहीशी होते. आतलं काम मात्र इतक्या झटपट आवरत नाही.

प्रोग्रामने ऑपरेटिंग सिस्टिमला सांगितलेलं असतं: 4096 बाइट वाच, मेमरीत या पत्त्यावर आणून ठेव, तोवर मी दुसरं काम करतो. ही असिंक्रोनस विनंती. ती अजून रांगेतच असेल तर सहज काढून टाकता येते. नेटवर्कवरून कधीतरी येणाऱ्या डेटाची वाट बघत बसलेली विनंतीही बहुधा निमूट सुटते. पण हुकूम डिस्कपर्यंत पोचला, की बहुतेक वेळा तो परत घेता येत नाही. डिस्क प्रोसेसरला मध्ये न घेता थेट मेमरीत लिहिते.

म्हणून रद्द करणं ही फक्त विनवणी. विंडोजमधलं जुनं ‘कॅन्सल-आयओ’ फंक्शन तर ज्या थ्रेडने (प्रोग्राममधल्या कामाच्या स्वतंत्र धाग्याने) विनंती केली त्याच थ्रेडचं ऐकायचं. ती अट विंडोज व्हिस्टात आलेल्या ‘कॅन्सल-आयओ-ईएक्स’ने काढली. त्याने ‘हो’ म्हटलं तरी अर्थ एवढाच की निरोप पोचवला. खरा निकाल नंतर कळतो: त्रुटी 995, म्हणजे काम मध्येच सोडलं, किंवा चक्क यश, कारण काम आधीच उरकलं होतं. लिनक्सच्या ‘आयओ-युरिंग’मध्ये (असिंक्रोनस विनंत्यांची सोय, 2019) गंमत अशी, की रद्द करण्याची विनंतीसुद्धा त्याच रांगेत टाकायची आणि तिच्याही उत्तराची वाट बघायची!

खरा घोळ इथे होतो. समजा बफर (डेटा आणून ठेवायची मेमरीतली जागा) आणि विनंतीची नोंद ठेवणारी विंडोजमधली ‘ओव्हरलॅप्ड’ रचना, दोन्ही एका फंक्शनच्या स्टॅकवर, म्हणजे फंक्शन परतताच मोकळ्या होणाऱ्या मेमरीत आहेत. फंक्शनने रद्द केलं आणि लगेच परतलं. त्या जागेवर आता दुसऱ्या फंक्शनची व्हेरिएबल्स आली. विनंती अगदी व्यवस्थित रद्द झाली तरी ‘रद्द झाली’ ही नोंद कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, त्या जुन्या पत्त्यावरच लिहितो. एखादा काउंटर आपोआप बदलतो आणि प्रोग्राम कुठेतरी भलतीकडेच कोसळतो. अशी चूक शोधणं महाकठीण, कारण गुन्हेगार फंक्शन केव्हाच निघून गेलेलं असतं.

उपाय कंटाळवाणा आहे: निकाल हाती येईपर्यंत मेमरीला हात लावायचा नाही. थांबायला वेळ नसेल तर बफर आणि ती रचना हीपवर, म्हणजे फंक्शन परतल्यावरही टिकणाऱ्या मेमरीत ठेवायची आणि ती मोकळी करायचं काम निकाल हाताळणाऱ्या कोडवर सोडायचं. रस्ट भाषेतल्या काही ‘आयओ-युरिंग’ लायब्रऱ्या तर विनंती करतानाच बफरची मालकी काढून घेतात आणि काम संपल्यावरच ती परत देतात.