जुनं अ‍ॅप, नवा सर्व्हर आणि मधला रिव्हर्स प्रॉक्सी : पार्श्वभूमी

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर, जांबोटी, कणकुंबीकडच्या लोकांसाठी अ‍ॅप चालवणाऱ्याला एक गोष्ट लगेच कळते, लोक अ‍ॅप अपडेट करत नाहीत. ऑटो अपडेट बहुतेक वायफायवरच होतंय आणि घरात वायफाय कुठलं असायला, मग जुनं व्हर्जन तसंच चालू राहतंय. आणि त्या जुन्या व्हर्जनच्या पोटात सर्व्हरचा पत्ता घट्ट बसलेला असतो, त्यामुळं बॅकएंड (म्हणजे अ‍ॅपमागचा सर्व्हर आणि डेटाबेस) बदलायचा म्हटलं की वेबसाइटसारखं रात्रीत सगळं हलवून मोकळं होता येत नाही. म्हणून आता बरेच जण मधे रिव्हर्स प्रॉक्सी ठेवतात, म्हणजे सर्व्हरच्या पुढं बसणारा मधला दारवान, अ‍ॅपकडून येणारी प्रत्येक विनंती (कॉल) कुठल्या सर्व्हरला द्यायची ते तोच ठरवतो. पण ही आयडिया मोबाईलसाठी निघालेलीच नव्हती बघा.

१९९४ च्या सुमाराला सर्न या युरोपातल्या संशोधन संस्थेच्या वेब सर्व्हरमध्ये प्रॉक्सी (दुसऱ्याच्या वतीनं पानं आणून देणारा मधला प्रोग्राम) आला तो फायरवॉलच्या (नेटवर्कच्या संरक्षक भिंतीच्या) आतल्या लोकांना बाहेरचं वेब दिसावं म्हणून. १९९६ ला स्क्विड हा प्रॉक्सी प्रोग्राम आला, त्यात तोच प्रॉक्सी उलटा फिरवून सर्व्हरच्या पुढं बसवायची सोय होती, हेतू एवढाच की कॅशमधून (आधीच साठवलेल्या प्रतींतून) पानं द्यायची आणि मागच्या मशिनवरचा लोड कमी करायचा. मग १९९९ ला डॅन केगेल या प्रोग्रामरनं एका मशिनवर १०,००० कनेक्शन कशी सांभाळायची हा प्रश्न मांडला. २००१ ला ट्रॅफिक अनेक सर्व्हरवर वाटणारा एचएप्रॉक्सी आला, आणि रशियात रॅम्बलर या वेब कंपनीत काम करणाऱ्या इगोर सिसोएवनं २००२ पासून लिहिलेला एनजिनएक्स हा वेब सर्व्हर २००४ ला सगळ्यांसाठी खुला झाला. तोवर सगळा विचार स्पीडचाच.

त्याच २००४ मध्ये सॉफ्टवेअरवर लिहिणाऱ्या मार्टिन फाउलरनं जुनी सिस्टीम एकदम न पाडता तिच्याभोवती नवी वाढवत न्यायची असं लिहिलं, हे त्याला क्वीन्सलँडच्या जंगलातल्या, दुसऱ्या झाडावर रुजून त्यालाच गिळणाऱ्या उंबरवर्गातल्या झाडांवरून सुचलं. आपल्या भीमगडच्या बाजूला असली झाडं बघितलेल्याला हे वेगळं समजावून सांगायला नको.

२००८ ला अ‍ॅप स्टोअर आणि अँड्रॉइड मार्केट दोन्ही आली, पण खरा दणका बसला २०१६ ला. फेसबुकनं २०१३ मध्ये घेतलेली पार्स ही रेडीमेड बॅकएंड सेवा बंद करतोय असं जानेवारीत जाहीर केलं, मुदत एक वर्षाची. पार्स सर्व्हरचा कोड त्यांनी ओपन सोर्स केला, डेटाही नेता येत होता, पण अ‍ॅप जायची पार्सच्याच डोमेनवर (इंटरनेटवरच्या नावावर), आणि ते डोमेन डेव्हलपरच्या हातात कुठं होतं? ज्यांनी अपडेट घेतलं नाही त्यांचं अ‍ॅप मेलं. माझ्या मते रिव्हर्स प्रॉक्सीपेक्षाही स्वतःचं डोमेन हीच यातली मोठी गोष्ट, प्रॉक्सी त्याच्या नंतर.

फाउलरची ती पद्धत आणि प्रॉक्सी जोडून आता करतात ते असं, डोमेन प्रॉक्सीकडं वळवायचं, सगळी ट्रॅफिक आधी जुन्या सर्व्हरलाच जाऊ द्यायची, मग एकेक रस्ता नव्याकडं, आधी नुसतं वाचायचे कॉल, लिहायचे शेवटी, कारण दोन डेटाबेसमध्ये एकाच वेळी लिखाण सुरू झालं की डोकं फिरतंय. लॉगिनचं टोकन (लॉगिन झाल्याची खूण) दोन्हीकडं चाललं पाहिजे. मागच्या सर्व्हरला सगळे कॉल प्रॉक्सीच्याच आयपीवरून (नेटवरच्या पत्त्यावरून) आलेले दिसतात, म्हणून खरा आयपी हेडरमधून (कॉलसोबतच्या माहितीतून) पुढं पाठवायचा, नाहीतर रेट लिमिट (एका पत्त्यावरून किती कॉल घ्यायचे याची मर्यादा) सगळ्यांनाच एकदम अडवतं. आणि अ‍ॅपमध्ये सर्टिफिकेट पिनिंग (ठराविक सर्टिफिकेटवर किंवा कीवरच विश्वास ठेवायचं बंधन) केलेलं असेल तर प्रॉक्सीवर तीच की (गुप्त किल्ली) लागते की, नाहीतर जुनी अ‍ॅप दारातच थांबतात.