हिट पॉइंट म्हणजे रक्त की नशीब? : एका वादाची पार्श्वभूमी

टेबलटॉप आरपीजीत, म्हणजे टेबलाभोवती बसून आपापलं पात्र रंगवण्याच्या खेळांत, वास्तवता हवी की मजा, हा विषय निघाला की गाडी थोड्याच वेळात हिट पॉइंटांवर, म्हणजे पात्र किती मार सोसू शकतं हे सांगणाऱ्या आकड्यावर, येते. पाठीवरचा बोजा, भात्यातले बाण, मशालींचा हिशेब यांवरूनही भांडणं होतात, पण ते नियम बहुतेक टेबलांवर गुपचूप सोडून दिलेले असतात. हिट पॉइंट सोडता येत नाहीत.

वाद तसा या खेळांपेक्षा जुना. प्रशियाच्या सैन्यात 1824 पासून खेळला जाणारा नकाशावरचा युद्धखेळ तक्त्यांखाली इतका दबला, की 1870 च्या दशकात काही अधिकाऱ्यांनी तक्ते बाजूला सारून निर्णय अनुभवी पंचावर सोपवला. पुढे 1971 च्या ‘चेनमेल’ या मध्ययुगीन युद्धखेळात साधा सैनिक एका फटक्यात मरायचा. पलटणी हलवणाऱ्याला त्याचं काही वाटत नाही. एकच पात्र घेऊन बसलेल्याला वाटतं. म्हणून जहाज किती मारा सोसेल हा आरमारी खेळांतला हिशेब माणसाला लावला गेला आणि 1974 च्या ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ या आरपीजीत छापून आला. सोय म्हणून आलेला आकडा. तो नेमकं काय मोजतो, हे तेव्हा कुणी फारसं विचारलं नाही.

पात्राची लेव्हल, म्हणजे अनुभवाची पायरी, वाढली तसे त्याचे पॉइंटही वाढले आणि प्रश्न उभा राहिला. दहाव्या लेव्हलच्या दणकट फायटरकडे (लढवय्या पात्राकडे) सरासरी 95 हिट पॉइंट, मग तलवारीचे डझनभर घाव खाऊन हा उभा कसा? याच खेळाच्या 1979 च्या डीएमसाठीच्या (खेळ चालवणाऱ्यासाठीच्या) पुस्तकाने उत्तर दिलं : वाढीव पॉइंट म्हणजे मांस नव्हे; ते कसब, नशीब आणि दैवी कृपा आहे. उत्तर हुशारीचं होतं, पण बाकीच्या नियमांना ते कुणी कळवलंच नाही. जखम भरण्याचा मंत्र ‘जखम’च म्हणत राहिला. आठ पॉइंटांनी मरणासन्न नवखा ठणठणीत व्हायचा आणि मुरलेल्या योद्ध्याला त्याच मंत्राने जेमतेम हुशारी यायची. विषारी तलवार ‘लागली’ तर रक्तापर्यंत पोचली की नाही, हेही ठरवावं लागे.

ज्यांना हे पटत नव्हतं त्यांनी वेगळी वाट धरली. 1978 चा ‘रूनक्वेस्ट’ घडवणाऱ्यांत लुटुपुटीची मध्ययुगीन लढाई प्रत्यक्ष खेळलेले लोक होते. तिथे हात, पाय, डोकं यांचे वेगळे पॉइंट, आणि अनुभव वाढला म्हणून अंगात जास्त रक्त येत नाही. लढाई त्यामुळे खरोखर भीतीदायक होते. लांबतेही.

मुख्य प्रवाहात, म्हणजे ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’मध्ये, मात्र वास्तवतेचा सगळा भार जखमा किती दिवसांत भरतात यावर येऊन पडला. 1979 च्या सुमारास विश्रांतीच्या दिवसाला एक पॉइंट; 2000 च्या आवृत्तीत रात्रीला लेव्हलइतके. कागदावर हे संथ दिसतं, पण त्याच 2000 च्या नियमांत 750 सोन्याच्या नाण्यांना 50 वेळा चालणारी जखमा भरण्याची कांडी मिळायची. दोन चकमकींमध्ये ती कांडी फिरवली की सगळे पुन्हा ताजे. आठवडाभर खाटेवर पडून राहण्याचा नियम होता तो फक्त पुस्तकात.

2008 च्या चौथ्या आवृत्तीने कांडीचं काम उघडपणे पात्रांच्या अंगात आणून ठेवलं. प्रत्येकाला दिवसाचे ठरावीक हीलिंग सर्ज (स्वतःला सावरण्याच्या संधी), एकेका सर्जला एकूण पॉइंटांचा चौथा हिस्सा, आणि सहा तास झोपलं की सगळं भरून. वॉरलॉर्ड नावाचा क्लास (पात्राचा प्रकार) तर जादूशिवाय, नुसत्या शब्दाने साथीदाराला उभं करायचा. ‘ओरडून जखमा शिवतो’ ही त्याची टिंगल आजही ऐकू येते. फायटरचा एक वार हुकला तरी समोरच्याचे थोडे पॉइंट जायचे, त्यावरही गदारोळ झाला. 1979 ची व्याख्या प्रामाणिकपणे मानली, तर यातलं काहीच चुकीचं नव्हतं : पॉइंट म्हणजे दम आणि नशीब असतील, तर धीराच्या शब्दाने ते परत यावेत आणि हुकलेल्या वारानेही थोडे झिजावेत. चिडणाऱ्यांना खरं तर व्याख्या नको होती, परिणाम हवा होता. मारामारी केली की पुढचे चार दिवस दुखलं पाहिजे. मागणी रास्त आहे. फक्त तिला वास्तवता म्हणणं थोडं धूर्तपणाचं आहे, कारण ड्रॅगनच्या उडण्यावर तीच माणसं हरकत घेत नाहीत.

पुढच्या आवृत्तीच्या 2012 पासूनच्या जाहीर चाचणीत हुकलेल्या वाराचा नियम पुन्हा आला, पुन्हा भांडण झालं आणि 2014 च्या अंतिम नियमांतून तो गेला. वॉरलॉर्डही मूळ क्लासांच्या यादीत राहिला नाही. रात्रभरात सगळे पॉइंट परत मिळणं मात्र टिकलं, सहाऐवजी आठ तासांवर. ज्यांना दुखणं हवं त्यांच्यासाठी डीएमच्या पुस्तकात ‘ग्रिटी रिअ‍ॅलिझम’ हा ऐच्छिक नियम ठेवला : छोटी विश्रांती आठ तासांची, मोठी सात दिवसांची. 2024 च्या नियमांत एका झोपेत खर्चलेले हिट डाइसही (छोट्या विश्रांतीत पॉइंट परत मिळवण्याचे फासे) सगळे परत येतात, आणि निम्म्या पॉइंटांवर आलेल्यासाठी 2008 चा ‘ब्लडीड’ हा शब्दही परतला आहे.