एक्स-प्लेनमधलं टर्मिनल गायब का होतं?

एक्स-प्लेन १२ या विमान उडवण्याच्या सिम्युलेटरमध्ये मुंबई विमानतळाचं मॉड (वरून जोडायची भर) टाकलं, टर्मिनल झकास दिसलं. आठवड्याभराने ऑर्थोफोरएक्सपी हे साधन वापरून त्याच भागाच्या जमिनीवर उपग्रहचित्रं चढवली आणि टर्मिनल गेलं. धावपट्टी मात्र जागच्या जागी! दुखणं नेमकं कुठे आहे ते या खुणेवरूनच कळतं. धावपट्ट्या वेगळ्या फाइलमधून येतात, इमारती डीएसएफ फाइलमधून. वाचली गेली नाही ती ही दुसरी.

सिम्युलेटर पृथ्वीचे १ अंश बाय १ अंश असे चौकोन पाडतो आणि प्रत्येकाला त्याच्या नैर्ऋत्य कोपऱ्याचं नाव देतो. मुंबईचा विमानतळ +१९+०७२ मध्ये, पुण्याचा +१८+०७३ मध्ये. गोव्यातले दाबोळी आणि मोपा मात्र एकाच चौकोनात, +१५+०७३. तिथे गडबड झाली की दोन्हीकडे दिसते. चौकोनाच्या डीएसएफ फाइली दोन जातीच्या: मेश म्हणजे खुद्द जमीन, आणि ओव्हरले म्हणजे जमिनीवर मांडायच्या वस्तू. ओव्हरले कितीही चालतात, मेश एकच. सिम्युलेटर बसवलेल्या पॅकची (सीनरीच्या फोल्डरांची) यादी वरून खाली वाचत येतो आणि पहिला मेश सापडला की त्या चौकोनापुरता तिथेच थांबतो. त्याखालच्या ओव्हरलेंकडे तो ढुंकूनही पाहत नाही.

ही यादी म्हणजे ‘कस्टम सीनरी’ फोल्डरमधली सीनरी_पॅक्स.आयएनआय ही साधी मजकुराची फाइल. ऑर्थोच्या (म्हणजे ऑर्थोफोरएक्सपीने बनवलेल्या, उपग्रहचित्रांच्या मेशच्या) फोल्डरचं नाव मुद्दाम झेडने सुरू होतं, कारण यादी नव्याने तयार होते तेव्हा ती वर्णानुक्रमे लागते आणि झेड तळाला जातो. पण यादी आधीच असेल तर नवा पॅक थेट डोक्यावर चढतो; तिथे झेडचा काही उपयोग नाही. म्हणून नवं काही टाकल्यावर सिम्युलेटर एकदा सुरू करून बंद करा, यादीची प्रत काढून ठेवा, नोटपॅडमध्ये ती उघडा आणि ऑर्थोची ओळ कापून तळाशी चिकटवा. सगळ्यात वर हवेत तुमचे विमानतळ, मग ग्लोबल एअरपोर्ट्सची (सिम्युलेटरसोबतच येणाऱ्या विमानतळांची) ओळ, त्याखाली जंगलं-इमारतींचे ओव्हरले, आणि शेवटी ऑर्थो व मेश. लायब्ऱ्या (अनेक पॅक वापरतात ते वस्तूंचे सामाईक संच) कुठेही असल्या तरी सहसा बिघडत नाही.

ऑर्थो टाकल्यावर रस्ते आणि झाडं गेली तर? तेही याच नियमाने. ती मूळ मेशच्याच फाइलमध्ये असतात आणि ती फाइल आता वाचलीच जात नाही. ऑर्थोफोरएक्सपी ती उचलून वायने सुरू होणाऱ्या वेगळ्या ओव्हरले फोल्डरमध्ये ठेवू शकतो. तो फोल्डर ऑर्थोच्या वर लागतो.

ऑर्थो बनवताना चित्रं किती बारकाईची हवीत ते झूमच्या आकड्याने ठरतं. झूम १६ ला मुंबईच्या अक्षांशावर एक पिक्सेल सुमारे सव्वादोन मीटरचा पडतो, १७ ला त्याच्या निम्मा. म्हणजे चित्रं चौपट. अख्खा चौकोन १७ ने बनवणं ही डिस्कची नासाडीच. विमानतळाभोवती १७ आणि बाकी १६ पुरे.

मॉड मुळीच दिसत नसेल तर यादीआधी फोल्डर उघडून पाहा. ‘अर्थ नॅव्ह डेटा’ हा फोल्डर पॅकच्या पहिल्याच पातळीवर हवा. झिप उलगडताना बऱ्याचदा फोल्डरात फोल्डर होतो आणि सिम्युलेटर तेवढं खोल शोधत नाही. विमानतळ आला पण ‘सीनरी लोड करताना अडचण’ अशी चौकट उघडली, तर मुख्य फोल्डरमधली लॉग.टीएक्सटी उघडा आणि ‘फेल्ड टू फाइंड रिसोर्स’ शोधा. त्याच ओळीत हरवलेल्या वस्तूचा मार्ग असतो. त्याच्या सुरुवातीला ‘ओपनसीनरीएक्स’ असेल तर ती लायब्ररी बसवायची राहिली आहे.

एवढं करूनही दोषी पॅक सापडत नसेल, तर यादीतल्या निम्म्या ओळींच्या सुरुवातीच्या ‘सीनरी_पॅक’ला ‘_डिसेबल्ड’ जोडा आणि सिम्युलेटर सुरू करा. अडचण गेली तर चोर त्या निम्म्यात, नाहीतर उरलेल्यात. मग चोर असलेल्या भागाचे पुन्हा निम्मे करत जा. पॅक ४० असले तरी सहा फेऱ्यांत सापडतो.