रक्तगुठळी-प्रतिबंध, जखमी रुग्णांमधील (रुग्णालयातून घरी सोडल्यानंतरचा)

गंभीर दुखापत झालेला रुग्ण घरी परतल्यानंतर त्याच्या पायांच्या किंवा ओटीपोटाच्या खोल शिरांत रक्ताची गुठळी होऊन ती फुप्फुसाच्या धमनीत जाऊन अडकू नये, यासाठी काही आठवडे चालू ठेवलेले औषधोपचार व हालचाल यांचा यात समावेश होतो. मंदावलेला रक्तप्रवाह, शिरेच्या अस्तराला झालेली इजा आणि रक्त गोठण्याची वाढलेली प्रवृत्ती ही गुठळीची तीन कारणे जर्मन विकृतिशास्त्रज्ञ रुडॉल्फ फिरखो याच्या नावाने ओळखली जातात. मांडीचे किंवा कटीचे (ओटीपोटाभोवतीचे) हाड मोडलेल्या माणसात तिन्ही एकाच वेळी हजर असतात. घरी सोडले म्हणून ती संपत नाहीत. पाय जमिनीवर टेकवायला मनाई असलेला रुग्ण घरीही बहुतांश वेळ अंथरुणातच असतो.

टोरांटो येथील १९९४ सालच्या एका अभ्यासात प्रतिबंधक उपचार न दिलेल्या ३४९ गंभीर जखमींच्या शिरांची क्ष-किरण तपासणी केली असता ५८ टक्के जणांत गुठळ्या आढळल्या, आणि त्यांतील जवळजवळ कोणालाच कसलेही लक्षण जाणवले नव्हते. त्यानंतर रक्त गोठू न देणाऱ्या, कमी रेणुभाराच्या हेपॅरिन या औषधाची, विशेषतः एनॉक्सापॅरिनची, इंजेक्शने रूढ झाली. रुग्णालयात ती परिचारिका देते. घरी मात्र पोटाच्या त्वचेची घडी चिमटीत धरून सुई टोचणे, नंतर ती जागा न चोळणे, वापरलेली सुई सुरक्षित ठेवणे हे सारे रुग्णाला किंवा घरातल्या कोणाला शिकावे लागते. साहजिकच इंजेक्शने मध्येच सुटतात.

म्हणूनच २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या, अमेरिका व कॅनडातील २१ केंद्रांत १२,२११ रुग्णांवर झालेल्या चाचणीला महत्त्व आहे. हातापायाच्या अस्थिभंगावर शस्त्रक्रिया झालेल्या किंवा कटीचे हाड मोडलेल्या या रुग्णांना ८१ मिलिग्रॅम ॲस्पिरिनची गोळी किंवा ३० मिलिग्रॅम एनॉक्सापॅरिनचे इंजेक्शन दिवसातून दोनदा देण्यात आले. नव्वद दिवसांतील मृत्यूंचे प्रमाण अनुक्रमे ०.७८ व ०.७३ टक्के, आणि फुप्फुसातील गुठळीचे प्रमाण दोन्ही गटांत १.४९ टक्के होते. पायातील गुठळ्या ॲस्पिरिन गटात थोड्या अधिक (२.५१ विरुद्ध १.७१ टक्के) झाल्या. स्वस्त गोळी बहुतेक अस्थिभंगांत पुरेशी ठरू शकते, असा याचा अर्थ घेता येतो; मज्जारज्जूला इजा झालेल्या किंवा पूर्वी गुठळी झालेल्या रुग्णाला तो सरसकट लावणे मात्र धाडसाचे होईल.

औषध किती दिवस घ्यायचे, याचे एकच उत्तर नाही. खुब्याच्या अस्थिभंगावरील शस्त्रक्रियेनंतर ३५ दिवसांपर्यंत, तर मज्जारज्जूच्या इजेत साधारण ८ ते १२ आठवडे उपचार चालवतात. उलट, गुडघ्याखाली प्लास्टर घातलेल्या सर्वच रुग्णांना हेपॅरिन देण्याचा लाभ २०१७ सालच्या डच चाचणीत दिसला नाही. डोक्याला मार लागलेल्यांत रक्तस्रावाचा धोका तोलूनच औषध सुरू करतात, आणि मूत्रपिंडाचे कार्य मंदावलेल्यांत हेपॅरिनची मात्रा कमी करावी लागते.

औषधाबरोबर डॉक्टरांनी परवानगी दिलेली हालचाल, घोट्याचे व्यायाम आणि पुरेसे पाणी पिणे सुचवले जाते. एकाच पायाची सूज व पोटरीतील दुखणे दिसल्यास तेल लावून चोळण्याचा घरगुती उपाय टाळावा आणि शिरांतील रक्तप्रवाह दाखवणारी डॉपलर सोनोग्राफी करून घ्यावी. अचानक धाप, छातीत कळ किंवा थुंकीतून रक्त येणे ही लक्षणे असल्यास रुग्णाला तत्काळ आपत्कालीन विभागात न्यावे लागते.